२०५० चे पुणे आणि खडकवासल्याचे पाणी : प्रकल्प नोंदी

१ जुलै २०२५

प्रकल्पाचा प्रश्न आज लेखी ठरला. खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर या चार धरणांची साठवणक्षमता मिळून सुमारे २९.१५ टीएमसी (अब्ज घनफूट) आहे. पुणे शहराचे पिण्याचे पाणी मुख्यतः याच साठ्यातून येते आणि नवीन मुठा उजव्या कालव्यातून हवेली, दौंड व इंदापूर तालुक्यांतली शेतीही याच साठ्यावर भिजते. २०५० च्या सुमारास शहराच्या मागणीचा या साखळीवर किती ताण असेल आणि बदलत्या हवामानात तो ताण कोणाच्या वाट्याला येईल, हे आम्हाला शोधायचे आहे.

बैठकीत पहिली सूचना अशी आली की हवामान मॉडेलांतून पावसाचे व तापमानाचे आकडे घ्यावेत, ते शहराच्या आजच्या मागणीशी ताडून पाहावेत आणि अहवाल लिहावा. मी तिला विरोध केला. त्याचे कारण पुढे उपयोगी पडेल म्हणून इथे लिहून ठेवतो. आयपीसीच्या, म्हणजे हवामानबदलावरच्या संयुक्त राष्ट्रांच्या आंतरसरकारी समितीच्या, सहाव्या अहवालात १८५०–१९०० च्या तुलनेतल्या जागतिक तापमानवाढीचे जे मध्यवर्ती अंदाज दिले आहेत, त्यांत २०८१–२१०० या काळासाठी सर्वांत कमी उत्सर्जनाच्या मार्गावर १.४ अंश आणि सर्वांत जास्त उत्सर्जनाच्या मार्गावर ४.४ अंश असे पूर्ण तीन अंशांचे अंतर आहे. २०४१–२०६० साठी मात्र हेच आकडे १.६ आणि २.४ अंश आहेत. आपण ज्या काळाचे नियोजन करू पाहतो, त्या काळापर्यंत उत्सर्जनाचे वेगवेगळे मार्ग तापमानात अजून फारसे वेगळे दिसत नाहीत. समाज मात्र तोवर पूर्णपणे वेगळा झालेला असू शकतो : लोक किती, ते राहतात कुठे, त्यांचे उत्पन्न किती, नळाचे पाणी कोणाला मिळते आणि टँकर कोणाला मागवावा लागतो, या साऱ्याची उत्तरे पंचवीस वर्षांत बदलतात. भविष्यातले हवामान घ्यायचे आणि समाज मात्र आजचा ठेवायचा, असे केले तर २०५० साठी जो भाग सर्वांत अनिश्चित आहे तोच आपण स्थिर धरलेला असतो. सर्वांनी हे मान्य केले आणि सामाजिक-आर्थिक भविष्यचित्रे हा प्रकल्पाचा मुख्य भाग झाला.

९ जुलै

नव्याने रुजू झालेल्या सहकाऱ्यांसाठी चौकट समजावणारे टिपण तयार केले. त्याचा गाभा असा.

२००० साली आयपीसीने ए१, ए२, बी१, बी२ या नावांची जी भविष्यचित्रे प्रसिद्ध केली, त्यांत समाजाची कथा, तिच्यातून निघणारे उत्सर्जन आणि त्यातून होणारा हवामानबदल अशी एकच साखळी होती. पुढे ही साखळी मुद्दाम तोडण्यात आली. शतकाच्या अखेरीस पृथ्वीवर प्रति चौरस मीटर किती वॅट जादा ऊर्जा अडकेल, या निकषावर २.६, ४.५, ६.० आणि ८.५ असे चार मार्ग आधी ठरले. हवामान मॉडेलांचे काम त्यामुळे लगेच सुरू होऊ शकले. समाजाच्या पाच कथा, ज्यांना आपण एसएसपी म्हणतो, त्या स्वतंत्रपणे लिहिल्या गेल्या आणि त्यांचे मुख्य शोधनिबंध २०१७ साली एकत्र आले. एसएसपी१ हा शाश्वततेचा मार्ग आहे, एसएसपी२ मधला, एसएसपी३ देशादेशांतल्या वैमनस्याचा, एसएसपी४ विषमतेचा आणि एसएसपी५ खनिज इंधनावर वेगाने धावणाऱ्या विकासाचा.

या पाच कथा दोन प्रश्नांच्या आधारे वेगळ्या केल्या आहेत : त्या जगात उत्सर्जन कमी करणे किती अवघड आहे, आणि आलेल्या बदलाशी जुळवून घेणे किती अवघड आहे. एसएसपी३ मध्ये दोन्ही अवघड, एसएसपी१ मध्ये दोन्ही तुलनेने सोपे. एसएसपी५ मध्ये उत्सर्जन घटवणे कठीण, पण हाती पैसा, शिक्षण आणि तंत्रज्ञान असल्याने जुळवून घेणे सोपे. एसएसपी४ मध्ये नेमके उलटे. आमच्यासारख्या पाण्याच्या अभ्यासाला यातला दुसरा प्रश्न अधिक जवळचा आहे, आणि हवामान अभ्यासांत बहुधा त्याच्याकडेच दुर्लक्ष होते.

‘एसएसपी३-७.०’ या नावात दोन वेगळ्या गोष्टी एकत्र लिहिलेल्या आहेत : पहिला आकडा समाजाचा, दुसरा अडकलेल्या ऊर्जेचा. वाचनात वारंवार असे आढळते की अभ्यासक यातला फक्त दुसरा आकडा वापरतात आणि पहिला केवळ शीर्षकात राहतो. शिवाय मूळ पाचही कथांत नवे हवामान धोरण गृहीत धरलेले नाही; ते वरून जोडायचे असते, आणि ते जोडल्यावरही सगळे संयोग साधतातच असे नाही. एसएसपी३ सारख्या जगात २.६ चे लक्ष्य गाठण्याचा मार्ग बहुतेक मॉडेलांना सापडला नाही. पाच ओळी आणि चार-पाच स्तंभ यांच्या तक्त्यात काही चौकोन रिकामे राहतात, आणि ते रिकामे राहणे हेसुद्धा त्या जगाविषयी बरेच काही सांगणारे आहे.

१७ जुलै

ऑस्ट्रियातल्या आयआयएएसए या संस्थेच्या संग्रहातून लोकसंख्या, शिक्षण, नागरीकरण आणि उत्पन्न यांच्या मालिका उतरवून घेतल्या. आवृत्तीचा प्रश्न लगेच उभा राहिला. सीएमआयपी६ या जगभरच्या मॉडेलांच्या तुलनात्मक प्रकल्पातली हवामान मॉडेले पहिल्या आवृत्तीवर बेतलेल्या उत्सर्जनावर चालली आहेत, तर २०२४ साली सुधारित आवृत्ती आली असून तिच्यात आरंभीचे आकडे अलीकडच्या वास्तवाशी जुळवले आहेत. हवामान जुन्या आवृत्तीचे आणि समाज नव्या आवृत्तीचा, असा मेळ पूर्णपणे सुसंगत नसतो. तरीही २०५० पर्यंतच्या अभ्यासात सुरुवातीचा बिंदू चुकीचा असणे अधिक घातक आहे, म्हणून नवी लोकसंख्या वापरायची आणि ही विसंगती अहवालाच्या पहिल्या प्रकरणातच स्पष्ट लिहायची, असे ठरले.

२८ जुलै

देशाच्या आकड्यावरून शहराच्या आकड्यावर उतरणे हे या प्रकल्पातले सर्वांत कष्टाचे काम ठरणार, हे आज स्पष्ट झाले.

पहिला धोका सोप्या तर्काचा आहे. एसएसपी३ मध्ये जगाची लोकसंख्या सर्वांत जास्त. मूळ आवृत्तीत २१०० साली ती साडेबारा अब्जांच्या वर जाते, तर एसएसपी१ मध्ये सात अब्जांच्या आसपास राहते. यावरून पुणेही एसएसपी३ मध्येच सर्वांत मोठे होईल असे वाटते. पण एसएसपी३ च्या कथेत नागरीकरण मंद आहे : शेतीतून बाहेर पडणाऱ्यांना शहरात रोजगार मिळत नाही, म्हणून लोक गावात अडकून राहतात. एसएसपी१ आणि एसएसपी५ मध्ये मुलींचे शिक्षण वाढल्याने जननदर लवकर उतरतो आणि देशाची लोकसंख्या कमी राहते, पण शहरांकडे ओढा मोठा असतो. त्यामुळे देश लहान आणि पुणे मोठे, हे पूर्णपणे शक्य आहे. देशाच्या वाढीचा दर उचलून शहराला लावणाऱ्या कुठल्याही गणितात ही गोष्ट हरवते. महाराष्ट्राचा एकूण जननदर २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १.७ होता, म्हणजे लोकसंख्या स्थिर राखणाऱ्या २.१ च्या बराच खाली. पुण्याची पुढची वाढ जन्मांपेक्षा स्थलांतरावर आणि हद्दवाढीवर ठरणार, आणि स्थलांतर राज्याबाहेरच्या परिस्थितीवरही अवलंबून आहे.

दुसरा धोका नकाशाचा. जगासाठी तयार केलेल्या, एसएसपीनुसार विभागलेल्या लोकसंख्येच्या मूळ जाळ्यात एक चौकोन एक-अष्टमांश अंशाचा, म्हणजे सुमारे चौदा किलोमीटर बाजूचा आहे. अशा मोजक्याच चौकोनांत आपले शहर संपते. सिंहगड रस्ता आणि हडपसर यांच्यातला फरक तिथे दिसणे शक्य नाही. एक किलोमीटरचे जाळेही उपलब्ध आहे, पण ते याच जाळ्याचे बारीक तुकडे करून बनवलेले असल्याने त्यात पुण्याविषयी स्थानिक ज्ञान वाढलेले नाही.

तिसरा प्रश्न हद्दीचा. २०११ च्या जनगणनेत पुणे महापालिकेची लोकसंख्या ३१.२४ लाख होती. त्यानंतर २०१७ मध्ये अकरा आणि २०२१ मध्ये तेवीस गावे महापालिकेत आली, आणि त्यांपैकी उरुळी देवाची व फुरसुंगी नंतर पुन्हा वेगळी झाली. पुढची जनगणना २०२७ मध्ये आहे. बरीच चर्चा होऊन असे ठरले की प्रशासकीय हद्द हा आधार न घेता ‘खडकवासला साखळीच्या पाण्यावर अवलंबून असलेला भाग’ हा आधार घ्यायचा. पिंपरी-चिंचवड मुख्यतः पवना धरणावर असल्याने मागणीच्या हिशेबातून ते बाहेर राहील. पण तिथल्या रोजगारामुळे पुण्यात होणारे स्थलांतर मोजावे लागेल. २०२१ पासून भामा-आसखेडचे पाणी शहराच्या पूर्व भागाला मिळू लागले, तेही वजा करायचे आहे.

६ ऑगस्ट

आज संगणक बाजूला ठेवून फळ्यावर हिशेब मांडला. सर्वांच्या मनात प्रमाण बसावे हा हेतू. एक टीएमसी म्हणजे सुमारे २,८३२ कोटी लिटर. माणशी रोज १३५ लिटर हा शहरी पाणीपुरवठ्याचा प्रचलित निकष धरला, तर एक टीएमसी पाणी वर्षभर सुमारे पावणेसहा लाख लोकांना पुरते. साठ लाख लोकांना १०.४ टीएमसी लागेल. इथवर सगळे सरळ आहे. पण ही नळातून बाहेर पडलेल्या पाण्याची गोष्ट झाली. वाटेत १५ टक्के गळती धरली तर धरणातून १२.३ टीएमसी उचलावे लागते आणि ४० टक्के धरली तर १७.४. दोहोंतला फरक पाच टीएमसीहून जास्त आहे, आणि टेमघर धरणाची पूर्ण क्षमता ३.७१ टीएमसी आहे.

मग लोकसंख्या वाढवून पाहिली. ऐंशी लाख लोक आणि १५ टक्के गळती असेल तर १६.४ टीएमसी लागते. म्हणजे नीट चालवलेले ऐंशी लाखांचे शहर गळक्या साठ लाखांच्या शहरापेक्षा धरणातून कमी पाणी उचलते. हे आकडे केवळ गृहीतकांचे आहेत, अंदाज म्हणून कुठेही वापरायचे नाहीत. पण भविष्यचित्रात लोकसंख्येच्या जोडीला कारभाराची गुणवत्ता का लिहावी लागते, हे यातून जितके स्पष्ट होते तितके कुठल्याही सिद्धान्ताने झाले नसते. जागतिक एसएसपीच्या कथांत संस्थांची कार्यक्षमता शब्दांत वर्णिलेली असते. आपल्याला तिचे आकड्यात रूपांतर करायचे आहे, आणि पुण्यात तो आकडा गळतीचा आहे.

१९ ऑगस्ट

हवामानाच्या बाजूचे काम पुढे सरकले. पाषाणच्या आयआयटीएम या उष्णकटिबंधीय हवामानाच्या संशोधन संस्थेत विकसित झालेले मॉडेल सीएमआयपी६ मध्ये सहभागी झालेले भारतातले पहिले मॉडेल होय, आणि ते घरच्या अंगणातले असल्याने त्याच्या मर्यादांविषयी थेट विचारता येते याचा आम्हाला मोठा आधार आहे. जागतिक मॉडेलांचे चौकोन साधारण शंभर किलोमीटरचे असतात. पुणे शहरात वर्षाला सातशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि पश्चिमेला पन्नास-एक किलोमीटरवर घाटमाथ्यावर काही हजार मिलिमीटर. चारही धरणे याच उतारावर आहेत आणि हा उतार एका चौकोनातच संपतो. स्थानिक नोंदींशी मेळ घातल्याशिवाय त्या पावसाला हात लावायचा नाही.

दक्षिण आशियात शतकाच्या मध्यापासून पुढे मोसमी पाऊस वाढेल असा सहाव्या अहवालाचा निष्कर्ष आहे. त्यावरून ‘मग पुण्याला पाणी जास्तच मिळेल’ असे म्हणणारे भेटतात. चांगल्या वर्षी ही धरणे आजही भरून वाहतात आणि मुठेत विसर्ग करावा लागतो. साठवण तेवढीच असताना जादा पाऊस काही दिवसांतच कोसळला तर तो नदीतून पुढे जाईल. आमच्यासाठी कळीची गोष्ट आहे ती लांबलेला जून-जुलै, म्हणजे धरणे तळाला असताना पाऊस उशिरा येणे. वार्षिक सरासरीपेक्षा त्याच्याकडे पाहायचे, हे ठरले.

४ सप्टेंबर

स्थानिक कथा लिहिण्यासाठी दिवसभराची बैठक झाली. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले अभियंते, दौंड तालुक्यातले ऊस उत्पादक शेतकरी, महापालिकेच्या पाणीपुरवठ्याचे काम पाहिलेले अधिकारी, धायरीतल्या एका सोसायटीच्या अध्यक्ष ताई आणि वस्त्यांमध्ये काम करणारे कार्यकर्ते, असे सगळे एका टेबलाभोवती बसले. जगाच्या पाच कथा आम्ही सांगितल्या आणि विचारले, ‘या जगात आपले पुणे कसे असेल?’

सर्वांत जास्त वेळ एसएसपी४ वर गेला, कारण ते चित्र लोकांना ओळखीचे वाटले. त्यात शहराचा एक भाग जगाशी जोडलेला आणि श्रीमंत असतो, त्याला चोवीस तास पाणी असते. दुसरा भाग त्याच्यासाठी राबतो आणि पाण्यासाठी रांगेत असतो. सोसायटीच्या ताई म्हणाल्या, ‘आमच्याकडे फ्लॅट महाग आहेत, पण उन्हाळ्यात पाणी टँकरचेच. आम्हाला कुठल्या बाजूला धरणार तुम्ही?’ या प्रश्नाने आमच्या दोन गटांच्या मांडणीत तिसरा गट आणला : पैसा असूनही जलवाहिनीपर्यंत न पोहोचलेला, बोअरवेल आणि टँकरवर विसंबलेला हद्दीवरचा मध्यमवर्ग. जागतिक कथेत तो नाही, पुण्यात तो मोठा आहे आणि भूजलावर त्याचा भार थेट पडतो. सरासरी माणशी लिटर एवढाच आकडा दिला तर हे तिन्ही गट त्यात विरून जातात, म्हणून एसएसपी४ साठी मागणी तीन भागांत लिहायची.

एसएसपी१ च्या चर्चेत शेतकऱ्यांनी जो मुद्दा मांडला तो आमच्या आराखड्यात नव्हता. शहर वापरते त्यातले सुमारे ८० टक्के पाणी सांडपाणी होऊन बाहेर येते, असे नियोजनात धरतात. ते शुद्ध करून मुंढव्याच्या जॅकवेलमधून (पाणी उपसण्याच्या विहिरीतून) कालव्यात सोडणे आणि त्या बदल्यात धरणातले पाणी शहराने घेणे, ही व्यवस्था कागदावर दोघांच्याही फायद्याची आहे. ‘पाणी येतं, पण त्याला वास असेल तर आम्ही ते रानात कसं सोडायचं?’ असे एक काका म्हणाले. तेव्हा शाश्वत मार्ग म्हणजे नुसता पुनर्वापर नव्हे. शुद्धीकरणाचा दर्जा आणि खालच्या शेतकऱ्याचा विश्वास हे दोन्ही त्या कथेचे भाग आहेत. ऊस ठिबकवर किती जातो आणि कालव्याऐवजी खडकवासला ते फुरसुंगी हा प्रस्तावित बोगदा होतो का, हेही कथेत घेतले.

निवृत्त अभियंत्यांनी आठवण करून दिली की खरे वाटप पंधरा ऑक्टोबरचा साठा पाहून कालवा सल्लागार समितीच्या बैठकीत ठरते. रब्बीची आणि उन्हाळी आवर्तने तिथे मंजूर होतात. एसएसपी३ च्या कथेत, जिथे परस्परविश्वास आटलेला आहे, तिथे या समितीचे काय होईल, हा त्यांचा प्रश्न होता. त्यावर एकमत झाले नाही. दोन्ही मते टिपणात घेतली आहेत. एसएसपी२ आणि एसएसपी५ वर थोडक्यात बोलणे झाले.

१८ सप्टेंबर

एका कार्यालयात प्राथमिक मांडणी केली. तिथून अपेक्षित विचारणा झाली : ‘पाचपैकी नेमके कोणते होणार? आम्हाला एक आकडा द्या.’

एसएसपींना शक्यतेची टक्केवारी जोडलेली नाही, आणि मधला मार्ग म्हणजे सर्वांत संभाव्य मार्ग असेही नाही. ही चित्रे आपण सगळे मिळून काय निवडतो यावर अवलंबून आहेत, त्यामुळे नाण्याच्या छाप-काट्याप्रमाणे त्यांची शक्यता काढता येत नाही. पण प्रश्न विचारणाऱ्यांची अडचण खरी आहे : जलवाहिनी एकाच व्यासाची टाकता येते, पाच व्यासांची नाही. म्हणून आम्ही प्रश्न उलटा करून दिला. कोणते भविष्य येईल हे विचारण्याऐवजी, हाती असलेला प्रत्येक निर्णय घ्यावा आणि तो पाचही चित्रांत तपासावा. गळती कमी करणे कुठल्याच चित्रात वाया जात नाही. सांडपाण्याचा पुनर्वापर चारांत उपयोगी ठरतो आणि एसएसपी३ मध्ये देखभालीअभावी ढासळतो. नवा साठा उभारण्याचा उपयोग मात्र कोणते चित्र प्रत्यक्षात येते यावर फार अवलंबून आहे. ही मांडणी त्यांना पटली असे वाटते. निदान पुढच्या बैठकीची तारीख मिळाली.

३० सप्टेंबर

एसएसपी५-८.५ चा वापर किती करावा यावर आज निर्णय झाला. सहाव्या अहवालाने अशा अति-उत्सर्जनाच्या मार्गांची शक्यता अलीकडच्या घडामोडी पाहता कमी मानली जाते, असे नोंदवले आहे. ‘काहीच केले नाही तर’ या अर्थाने ते चित्र आम्ही दाखवणार नाही. यंत्रणेची ताकद तपासण्यासाठी कमाल ताण म्हणून ते ठेवायचे आणि तक्त्यात तसे स्पष्ट लिहायचे. मुख्य मांडणी एसएसपी१-२.६, एसएसपी२-४.५ आणि एसएसपी३-७.० यांवर राहील. एसएसपी४ चे हवामान एसएसपी२ च्या जवळचे धरून फक्त समाज बदलायचा. यामुळे तापमान तेच असताना निव्वळ विषमतेमुळे हानी किती वाढते, हे वेगळे काढून दाखवता येईल, आणि माझ्या मते साऱ्या अभ्यासात हीच तुलना सर्वांत महत्त्वाची आहे.

१४ ऑक्टोबर

अहवालाच्या पहिल्या मसुद्याचे तक्ते तयार झाले. प्रत्येक आकड्याशेजारी तीन गोष्टी लिहिल्या आहेत : समाजाचे चित्र कोणते, हवामानाचे कोणते, आणि गळतीचे गृहीतक काय. यांतली एकही गोष्ट गाळून आकडा उचलता येऊ नये, म्हणून त्या तळटीपेत न टाकता स्तंभातच घेतल्या.

दौंडच्या शेतकऱ्यांच्या आग्रहावरून ‘शहराची गरज भागल्यावर कालव्याला उरणारे पाणी’ असा स्तंभ प्रत्येक चित्रासाठी वाढवला आहे. तो भरण्यासाठी लाभक्षेत्रातल्या पिकांची पाच चित्रे लागतील आणि जागतिक संग्रहातून ती तालुक्याच्या पातळीवर मिळत नाहीत, म्हणून ती दौंड आणि इंदापूरमध्ये बसूनच लिहावी लागतील. रब्बीच्या पेरण्या उरकल्यावर, शेतकऱ्यांना वेळ असेल तेव्हा, तिथे दोन बैठका घ्यायच्या आहेत. लोकसंख्येचे सर्व गणित २०२७ च्या जनगणनेचे आकडे आल्यावर नव्याने चालवता यावे यासाठी गणनेचा क्रम आणि प्रत्येक गृहीतकाचा आधार वेगळ्या टिपणात लिहून ठेवण्याचे काम उद्यापासून सुरू होईल.